मुकादम बाईंचा पाईप

मुकादम बाई गेल्यावर महिन्याभरानं त्यांची मुलगी शबाना पनवेलहून घर आवरायला आली. भांडी नातेवाइकांत गेली, पुस्तकं शाळेला गेली, आणि शेवटी ती मला म्हणाली, "अलकामावशी, आठवण म्हणून तुम्हाला काय हवं ते घ्या." घेण्यासारखं बरंच होतं. पितळेची जुनी सुरई होती, भिंतीवरचं घड्याळ होतं, बाईंनी स्वतः भरलेली चादर होती. मी पोर्चच्या कोपऱ्यातला लोखंडी पाईप मागितला. शबाना माझ्याकडे बघत राहिली, मग हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

तो पाईप आता माझ्या पुस्तकांच्या कपाटाला टेकून उभा आहे. नळाच्या कामातून उरलेला, माझ्या छातीपर्यंत येणारा, एका टोकाला सुती चिंधी गुंडाळलेला. घरकामाला येणारी मंगल अधूनमधून विचारते, "बाय, ह्यो भंगारात द्यायचा का?" मी नाही म्हणते. ती मान हलवते आणि त्याच्याभोवतीनं केर काढते.

आम्ही दोघी कर्जतला एकाच शाळेत शिकवायचो आणि एकाच गल्लीत राहायचो. त्या विज्ञान शिकवत, मी मराठी. त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या. त्यामुळे त्या मला अगं-तुगं करत, आणि मी इतक्या वर्षांत त्यांना मुकादम बाईच म्हणत राहिले. पदर खोचलेला, पदराला कायम खडूची पांढरी कड. हसताना आवाज नाही, फक्त खांदे हलायचे. रागावल्या की तोंडात एकच शब्द, "मेल्या." तो मुलगा असो, मुलगी असो, नाहीतर न पेटणारा स्टोव्ह. वस्तूंशी त्या माणसांसारखं बोलायच्या. माणसांशी मात्र आधी काय बिघडलंय ते बघून मग बोलायच्या. माझी आई गेली तेव्हा सगळे मला जवळ घेऊन रडत होते. बाई दारातूनच म्हणाल्या, "जेवलीस? नाही ना? मग आधी जेव." डब्यात तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं. मी जेवले, आणि मग त्या माझ्याशेजारी बसल्या, पार संध्याकाळपर्यंत, एक अक्षर न बोलता.

त्यांची पहिली नोकरी कशेळ्याच्या पुढे, डोंगराकडच्या एका वाडीच्या शाळेत. तेव्हा त्या जीपनं जायच्या. जीपमध्ये म्हणण्यापेक्षा जीपच्या मागे: एक पाय फळीवर, दुसरा हवेत, एका हातात वरचा दांडा आणि दुसऱ्या हातात पिशवी. "त्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मला पायानं पाठ आहे," असं त्या सांगायच्या. एकदा वळणावर चप्पल पडली, तर जीपवाला थांबेना. अनवाणी शाळेत गेल्या आणि मुलांना शिकवलं. त्या दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं होतं की कधीतरी या रस्त्यानं आपण बसून जायचं, आणि आपल्याला वाटेल तिथं थांबायचं.

मुकादम साहेब साजगावच्या एका कारखान्यात होते. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी, वाळूच्या रंगाची छोटी गाडी घेतली. ते ती पुसायचे फार आणि चालवायचे थोडी. वर्षाच्या आत ते गेले. गाडी विकायला लोक आले तेव्हा बाईंनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं आणि ड्रायव्हिंग शाळेत नाव घातलं. तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती. मलाही त्यांनी ओढत नेलं. लायसन आम्हा दोघींना मिळालं. त्यांचं पर्समध्ये राहिलं, माझं कपाटात. मला रस्त्याची भीती वाटायची, आणि भीती वाटते असं म्हणायची त्याहून जास्त.

दर बाजाराच्या दिवशी बाई कशेळ्याला जाऊ लागल्या. भाजी हे निमित्त. वाड्यांवरनं उतरलेली त्यांची जुनी मुलं, म्हणजे आता पोरंबाळं झालेली माणसं, तिथं भेटायची. जाताना-येताना रस्त्यात उभ्या असलेल्या बायकांना त्या गाडीत घ्यायच्या. मागच्या सीटवर कोंबड्या, शेंगांच्या पाट्या, एखादं झोपलेलं मूल. "बाय, जरा हितंच थांबव गं," असं मागून कुणी म्हटलं की त्या लगेच थांबायच्या, वळण असो की चढ. मागचा हॉर्न वाजला तर त्याला "मेल्या".

गाडीची कामं त्या स्वतः करू लागल्या त्याला कारण एक गॅरेजवाला. इंजिनाचा पट्टा बदलायला त्यानं गाडी ठेवून घेतली, आणि बाजाराचा दिवस गेला तरी दिली नाही. बाईंनी त्याच्याशी भांडण केलं नाही. फक्त त्याच्या टपरीसमोर स्टूल टाकून बसल्या आणि तो काय करतो ते शेवटपर्यंत पाहिलं. घरी येऊन मला म्हणाल्या, "अगं, सातवीच्या पुस्तकाच्या बाहेरचं त्यात काहीच नाही."

तसं ते खरंच होतं. इंजिनाच्या एका कडेला पाच-सहा चकत्या असतात. त्यांना पुली म्हणायचं. एकच लांब रबरी पट्टा त्या सगळ्यांवरून नागमोडी फिरतो. इंजिन एक पुली फिरवतं आणि पट्टा बाकीच्या. त्यावर बॅटरी भरत राहते, स्टिअरिंग हलकं राहतं. पट्टा सैल पडू नये म्हणून एक टेन्शनर असतो, म्हणजे स्प्रिंगवर बसवलेला एक आखूड हात आणि त्याच्या टोकाला फिरणारी चकती. तो पट्ट्याला सतत दाबून धरतो. पट्टा काढायचा किंवा घालायचा तर त्या स्प्रिंगच्या विरुद्ध तो हात ओढून धरावा लागतो, आणि तिथं जोर लागतो. स्टाफरूममध्ये कुणी टेन्शनरच्या नावावर विनोद केला की बाई शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "हा झाला. आता दुसरा सांगा."

पहिल्यांदा त्यांनी घरी पट्टा उतरवला तेव्हा उत्साहात एक गोष्ट विसरल्या. तो कुठून कुठं गेला होता ते बघूनच ठेवलं नव्हतं. नवीन पट्टा हातात, समोर उघड्या चकत्या, आणि गल्लीतले सगळे पुरुष सल्ला द्यायला हजर. प्रत्येकाचा मार्ग वेगळा. एका मार्गानं पट्टा उरत होता, दुसऱ्यानं पुरत नव्हता. त्यातच खोपोलीला एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न आलं, आणि आम्ही एसटीनं गेलो. हॉलच्या बाहेर गाड्या लागलेल्या. बाई एका गाडीपाशी थबकल्या. तेच मॉडेल. त्या सरळ आत गेल्या आणि माइकवाल्याला सांगून गाडीचा नंबर पुकारायला लावला. नवऱ्या मुलाचे मामा फेटा सांभाळत धावत आले, कुणी गाडी ठोकली की काय म्हणून.

बाई म्हणाल्या, "काही झालं नाही. बॉनेट उघडता का जरा?"

मामा इतके गोंधळले की त्यांनी उघडलं. फोनवर फोटो काढायची सोय तेव्हा आमच्याकडे नव्हती. बाईंनी पर्समधून आहेराचं पाकीट काढलं आणि त्याच्या पाठीवर पट्ट्याची सगळी वाट काढून घेतली, कुठल्या पुलीवर पट्ट्याची खाचांची बाजू, कुठल्या पुलीवर गुळगुळीत पाठ, सगळं. मामा शेजारी उभे राहून एकदा म्हणाले, "ताई, तुम्ही मुलीकडच्या ना?" जेवणाची पंगत संपली होती. आम्हाला मसालेभाताची खरवड मिळाली. आणि नवरीच्या हातात बाईंनी आहेर उघडाच ठेवला, कारण पाकीट त्यांना हवं होतं.

त्यानंतर त्यांची एक रीत झाली. पट्ट्याला हात लावण्याआधी पोर्चच्या फरशीवर खडूनं तो काढायचा. फळ्यावर हृदयाची आकृती काढताना जशी ठाम रेघ असायची तशीच. गोल, गोल, गोल, आणि त्यांतून वळत जाणारी एक रेघ. पुढे चांगला फोन आला तरी खडू सुटला नाही. "फोटो डोळ्याला कळतो," त्या म्हणत, "हाताला काढल्याशिवाय कळत नाही." गल्लीतल्या बायकांना सुरुवातीला ती रांगोळी वाटली होती. एकीनं तर विचारलंही की तुमच्यात हा कुठला सण.

मी टॉर्च धरायला असायची. तेवढंच माझं काम. बॅटरीची एक वायर आधी सोडायची. जॅक लावला तरी काढलेलं चाक गाडीखाली सरकवून ठेवायचं, कारण जॅक हा शाळेच्या शिपायासारखा, आहे तोवर आहे. हे नियम मात्र रमजानमध्ये कामाला येत नसत, कारण रोजे चालू असताना त्या पट्ट्याला हातच लावत नसत. रोज्यात तोंड सांभाळायचं असतं आणि "मेल्या" म्हटल्याशिवाय टेन्शनर बसत नाही, असं त्यांचं साधं म्हणणं होतं.

टेन्शनर बदलायची वेळ आली की जुना काढून त्या माझ्या कानाशी धरायच्या आणि चकती बोटानं फिरवायच्या. "ऐक. वाळूत चप्पल ओढल्यासारखं वाजतंय ना? गेला हा." मग नवा फिरवायच्या. आवाजच नाही. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी वर्गात फक्त एखादं ढ मूल बरोबर उत्तर देई तेव्हा पाहिलं होतं.

एकदाच त्या चुकल्या. शबाना यायची होती, बिर्याणीचं आधण चढलं होतं, आणि घाईत पट्टा एका पुलीवर एक खाच सोडून बसला. पट्ट्याला लांबीतून खाचा असतात. त्या पुलीच्या खाचांत नेमक्या बसाव्या लागतात. एक खाच बाहेर राहिली तरी गाडी चालते, हेच त्यातलं वाईट. पुढच्या बाजाराला कडावच्या पुढे पट्ट्याची कड उसवली, दोरे चाबकासारखे आपटू लागले, आणि मग तुटलाच. लाल दिवा लागला. स्टिअरिंग एकदम दगडासारखं झालं. गाडीत मी, दोन बायका आणि एक कोंबडा. बाईंनी दोन्ही हातांनी ते चाक वळवत गाडी एका आंब्याखाली नेली. मागची एक बाई म्हणाली, "बाय, गाडीचा काय दोष नाय. या कोंबड्याचा पायगुण वाईट हाय, आमच्याकडं पन आल्यापास्न कायतरी होतंयच."

बाई म्हणाल्या, "कोंबड्याला काही बोलू नका. पट्टा मी बसवलाय."

तेव्हापासून पट्टा बसला की डोळे मिटून प्रत्येक पुलीच्या कडेवरून बोट फिरवायच्या. बोट फिरवल्याशिवाय किल्ली नाही. मिटल्या डोळ्यांनी, ओठ हलवत, गाडीच्या पोटात हात घालून वाकलेल्या बाई लांबून बघणाऱ्याला दुवा मागत असल्यासारख्या वाटायच्या.

आणि तो पाईप. टेन्शनर ओढायला पाना लागतो. पाना आखूड असला की जोर जास्त लागतो. बाईंनी पहिल्यांदा पान्यावर वीतभर पाईप चढवला. वय वाढलं, तसा पुढच्या खेपेला हातभर. मग त्याहून मोठा. "बळ कमी पडलं की दांडा लांब करायचा," हे त्या तरफेच्या धड्याला सांगायच्या, आणि जुना टेन्शनर वर्गात बाकाला बांधून सगळ्यांत किडकिडीत मुलीकडून तो ओढवून घ्यायच्या. त्यांच्या पोर्चमध्ये त्या पाइपांची चढती रांग होती. माझ्याकडे आहे तो त्यातला शेवटचा.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी बाई न्हाणीत घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण मूठ पूर्वीसारखी वळेना. शबाना म्हणाली, गाडी आता विकून टाकू. रिक्षा आहेत, मी आहे. बाई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "पट्टा मला बदलता येईनासा झाला की किल्ली सोडून देईन. तोवर हा विषय नको." शबानाला ते ठीक वाटलं. आईचा हात बघून तो दिवस जवळच आहे असं तिला वाटलं असणार. तिला एवढंच माहीत नव्हतं की पट्टा अपघाताच्या आधी नुकताच बदललेला होता, आणि पुढची काही वर्षं त्याला हात लावायची गरज नव्हती. शबाना आत गेल्यावर मी बाईंकडे बघितलं, तर त्यांचे खांदे हलत होते.

पण टेन्शनरनं दगा दिला. मुदतीच्या बऱ्याच आधी, हिवाळ्यात, गाडी सुरू झाली की पक्ष्यानं चोच घासावी तसा आवाज येऊ लागला. बाई दोन बाजार तो आवाज ऐकून न ऐकल्यासारखं करत राहिल्या. तिसऱ्या वेळी कशेळ्याहून येताना म्हणाल्या, "अलका, उद्या सकाळी टॉर्च घेऊन ये."

सकाळी मी गेले तेव्हा फरशीवर खडूची आकृती तयार होती. डाव्या हातानं काढलेली, पण ठाम. सगळं नेहमीसारखं झालं. त्यांनी पाना लावला, या खेपेसाठी काढलेला सगळ्यांत लांब पाईप चढवला. पाईप ओढायला गेल्या तर त्याचं टोक गाडीच्या पत्र्याला लागलं. तेवढ्या जागेत तो फिरेचना. मधला पाईप लावला, तो फिरत होता पण त्याला जोर पुरत नव्हता. डावा हात, मग दोन्ही हात, मग पाय रोवून. टेन्शनर थोडा हलायचा आणि परत जायचा. बराच वेळ हे चाललं. त्यांनी एकदाही "मेल्या" म्हटलं नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली.

शेवटी त्या पायरीवर बसल्या. मनगट चोळत म्हणाल्या, "दांडा लांब करायला जागाही लागते गं. हे मी कधी वर्गात सांगितलंच नाही."

मी म्हटलं, "मी ओढते. शबानाला कोण सांगणार आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. "परीक्षेत शेजारणीचा हात घेतला तर आपण त्याला काय म्हणायचो?"

मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "पण गाडी अशी उघडी ठेवायची नाही. धर पाईप."

मी टॉर्च खाली ठेवला. मधला पाईप थंड होता, चिंधीपाशी थोडा ऊबदार, त्यांच्या हातानं. मी ओढला आणि टेन्शनर आला. मलाच आश्चर्य वाटलं. जुना पट्टा निघाला, जुना टेन्शनर निघाला. नवा त्यांनी बसवला. त्याच्या पाठीवरची खुंटी इंजिनाच्या भोकात बरोबर गेली आहे ना, हे त्यांनी बोटानं पाहिलं आणि बोल्ट मला आवळायला लावला. मग नवा पट्टा खडूच्या रेघेप्रमाणे एकेका पुलीवरून नेला. शेवटची पुली राहिली. "आता ओढ. आणि सोडू नकोस हं, माझी बोटं आत आहेत."

मी सोडला नाही. पट्टा चढला. "हळू. हळू सोड." मग त्यांनी डोळे मिटले आणि बोट फिरवलं. किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, आणि चोच घासल्याचा आवाज गेला होता.

हात न धुताच त्यांनी शबानाला फोन लावला. इकडची बाजू मला ऐकू आली. "बेल्ट बदलला. नाही, माझ्यानं ओढवला नाही. अलकानं ओढला. ये तू रविवारी."

रविवारी शबाना आणि तिचा नवरा आले. कुणी घाई केली नाही. चहा झाला, खारी झाली. गाडी कोणाला द्यायची त्याचंही बोलणं झालं. शबाना फार हळुवार बोलत होती, आणि बाई मान डोलवत होत्या. मग त्या आत गेल्या, किल्ली घेऊन आल्या आणि ती माझ्या हातात ठेवली.

शबाना म्हणाली, "अम्मी, हे काय?"

"पट्टा ज्याला बदलता येईल त्याच्याकडे किल्ली. तू आणि मी असंच ठरवलं होतं ना? मग आता हिला येतो." आणि माझ्याकडे वळून, "लायसन आहे हिच्याकडे. कपाटात. मीच काढायला लावलं होतं."

शबाना आधी माझ्याकडे आणि मग किल्लीकडे बघत राहिली. तिच्या नवऱ्यानं विचारलं, "मावशी, येतं तुम्हाला चालवायला?" मी नाही म्हणाले. बाई म्हणाल्या, "येईल."

तो सगळा हिवाळा त्या माझ्या डावीकडे बसल्या. आधी गल्ली, मग नदीकडचा रस्ता, मग कडावपर्यंत. मी गिअर चुकवला की "मेल्या" गाडीला, मला नाही. मी घाबरून ब्रेक दाबला आणि मागच्यानं हॉर्न दिला की त्या खिडकीतून मागे बघायच्या, फक्त बघायच्या, आणि तो माणूस गप्प व्हायचा. शबाना फोनवर मला विचारायची, अम्मी सांभाळून बसते ना, पट्टा लावते ना सीटचा. मी हो म्हणायची. पुढे पुढे ती मी कशी चालवते तेही विचारू लागली.

बाई उन्हाळ्याच्या शेवटी गेल्या, पनवेलला, लेकीच्या घरी, फार आजारी न पडता. त्याआधी मी त्यांना दवाखान्यात पाहिलं, पण ते पाहणं मी मोजत नाही.

मी मोजते तो त्याआधीचा कशेळ्याचा बाजार. कर्जतपासून सगळा रस्ता मी चालवला होता. वाटेत दोन बायका घेतल्या, त्यांतल्या एकीनं मला "तुमी नव्या डायवर काय?" असं विचारलं, आणि बाई म्हणाल्या, "नवी नाही. उशिरा आलेली." चढावर त्यांचं बोलणं थांबलं. मान थोडी कलती करून त्या इंजिन ऐकत होत्या. काही वाजत नव्हतं. बाजारापाशी मी गाडी थांबवली. त्या उतरल्या, पिशवी काखेत घेतली, आणि पुढून जाताना बॉनेटवर तळहात ठेवून क्षणभर उभ्या राहिल्या, तापलेल्या मुलाचं कपाळ बघावं तशा. मग काचेतून मला म्हणाल्या, "सावलीत लाव. आणि मी येईपर्यंत खाली उतरू नकोस, किल्ली तुझ्याकडे आहे."

आणि गर्दीत शिरल्या. भाजीवाल्यांच्या ताडपत्र्यांखाली कुणीतरी "बाई" म्हणून हाक मारली, मग अजून कुणी. खोचलेला पदर थोडा वेळ दिसत होता, मग पाट्यांच्या आणि डोक्यांच्या मधे दिसेनासा झाला. मी गाडी हळूच मागे घेतली आणि सावलीत लावली.